जुन्या मायक्रोस्कोपमध्ये 10 च्या लेन्सवर दिसतं, 40 वर नुसतं धुकं, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की तासगावच्या द्राक्षबागेतल्या पानावरची डाऊनी (केवडा, बुरशीसारखा रोग) बघायला जुना आरशाचा मायक्रोस्कोप घेतलाय आणि 40 ची लेन्स फिरवली की काहीच दिसत नाही. मी सांगलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोजचं कामच हे, म्हणून सांगतो.

लेन्स गेली असं लगेच धरू नका. आधी स्लाइड पालथी तर ठेवली नाही ना ते बघा. 40 ची लेन्स फोकसला येते तेव्हा कव्हरस्लिपपासून (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरवर असते आणि स्लाइडची काच असते मिलिमीटरभर जाड, त्यामुळे पालथी स्लाइड 10 ला चालून जाते पण 40 काचेला टेकते तरी फोकस येत नाही. आमच्याकडे शिकायला आलेली एक मुलगी अर्धा तास यावरच अडली होती, रडायची बाकी होती बिचारी. स्लाइड सरळ असेल तर मग लेन्सचं तोंड बघा, जुन्या मशीनवर वाळलेलं ऑइल हमखास असतं, लेन्स पेपरवर क्लीनर घेऊन हलक्या हातानं पुसा, शर्टाच्या टोकानं अजिबात नको.

पण माझ्या मते खरी गोम उजेडात असते, आणि लोक नुसता फोकसचा नॉब फिरवत बसतात. खाली कंडेन्सर (स्लाइडखालचं, उजेड एकवटणारं भिंग) असेल तर आरशाची सपाट बाजू वर करा, खिडकीच्या उजेडाकडे धरा, थेट उन्हाकडे कधीच नाही, डोळा जाईल. कंडेन्सर वर चढवून जवळजवळ स्लाइडला लावा. आता 40 वर असताना आयपीस (डोळ्याजवळची लेन्स) काढा आणि नळीत डोकवा, आत उजेडाचा गोल दिसेल, डायफ्रॅमची (कंडेन्सरखालची उजेड कमी-जास्त करायची झडप) दांडी हळूहळू सरकवा आणि गोलाचा साधारण पाऊण भाग उजळ राहील तिथं थांबा. पूर्ण उघडा ठेवला की डाऊनीसारखी बिनरंगाची वस्तू उजेडात विरघळून जाते, तुमचं पांढरं धुकं बहुतेक हेच आहे.

फोकस नेहमी 4 किंवा 10 पासून. बाजूनं बघत लेन्स स्लाइडजवळ आणायची आणि मग डोळा लावून लांब लांब न्यायची, उलटं केलं की काच फुटते. 40 वर गेलात की मोठ्या नॉबला हात लावायचा नाही, फक्त बारीक.

आणि पान ताजं घ्या. तेलकट डागाचं पान ओल्या कागदासोबत पिशवीत रात्रभर ठेवा, सकाळी खालच्या बाजूला पांढरी लव आली की पारदर्शक चिकटपट्टीनं उचलून थेंबभर पाण्यात स्लाइडवर चिकटवा, पट्टी म्हणजेच कव्हरस्लिप. थोडं धूसर राहील, पण काटकोनात फुटलेल्या फांद्या आणि टोकाला लिंबाच्या आकाराचे दाणे दिसले की डाऊनीच. मण्यांच्या माळेसारखं दिसलं तर ती भुरी (पावडरी मिल्ड्यू, दुसरा रोग), तिची औषधं वेगळी.