चेन कुठून आणावी: चीन की व्हिएतनाम?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं शालेय गणवेशाचं युनिट आहे. पँटच्या चेनसाठी दोन दर आले आहेत. न्हावाशेवापर्यंत भाडं-विमा धरून चीनचा माल 9 लाखांना, व्हिएतनामचा 10 लाखांना पडतो. मुलगा म्हणतो, व्हिएतनामच्या मालावर ड्युटी शून्य आहे, तोच घेऊ. काय करावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुलाने ड्युटीकडे पाहिलं हे चांगलं केलं. आता हिशेब पुरता करू. सीमाशुल्काच्या यादीत प्रत्येक वस्तूला आकडी शीर्षक असतं; चेनचं शीर्षक 9607. मूळ सीमाशुल्क समजण्यापुरतं 10% धरतो. त्या शुल्कावर 10% समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण 11%. चीनच्या 9 लाखांवर 99 हजार. माल पडला 9 लाख 99 हजारांना. व्हिएतनामचा शून्य ड्युटीने 10 लाखांना. फरक उरला एक हजाराचा! आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, दोन्हीकडे भरावा लागेल, पण त्याचं क्रेडिट (पुढच्या करातून वजावट) मिळतं, म्हणून तो या तुलनेत धरू नका. एवढी मोठी सवलत व्हिएतनामच्या विक्रेत्याने आपल्या दरातच खाऊन टाकली आहे.

आता खरी गोष्ट. शून्य ड्युटी व्हिएतनामहून निघालेल्या मालाला नसते, तिथे बनलेल्या मालाला असते. आसियान करारात, म्हणजे व्हिएतनामसह आग्नेय आशियाई देशांशी आपल्या व्यापार करारात (आपल्याकडची अधिसूचना 46/2011), साधारण दोन अटी आहेत: बाहेरून आणलेल्या भागांपेक्षा तयार मालाचं सहा आकडी उपशीर्षक बदललं पाहिजे आणि निर्यात किमतीतला किमान 35% भाग करारातल्या देशांचा हवा. चेनमध्ये फसगत इथेच होते. पट्टी, दात, स्लायडर चीनचे आणून व्हिएतनाममध्ये जोडले, तर सुट्या भागांचं 9607 20 बदलून चेनचं उपशीर्षक लागतं. पहिली अट पुरी झाली. पण नुसत्या जोडणीत 35% भरेलच असं नाही.

मी तीस वर्षं न्हावाशेव्यात क्लिअरिंगचं, म्हणजे कस्टममधून माल सोडवण्याचं काम केलं. एका गणवेशवाल्याचा असाच माल आला होता. उगमाचं प्रमाणपत्र अगदी नीट, पण खोकी उघडली तर आतल्या पुड्यांवर दुसऱ्याच देशाचं लेबल. कंटेनर अडकला, रोजचं भाडं चढत गेलं. माल सुटला तोवर जून उलटून गेला होता. शाळा भरल्यावर गणवेशाच्या चेन कोण घेणार? त्या माणसाचा उतरलेला चेहरा मला आजही आठवतो, म्हणून हे कळकळीने लिहितो.

सप्टेंबर 2020 पासून तर सवलत मागणाऱ्या आयातदारावरच जबाबदारी आहे. माल कसा, कुठे, कशापासून बनला याची माहिती सवलत मागण्याआधी तुमच्याकडे हवी आणि कागद पाच वर्षं जपायला हवेत. ‘विक्रेत्याने सर्टिफिकेट दिलं होतं’ एवढं सांगून सुटका होत नाही. सवलत नाकारली, तर तुमचा 10 लाखांचा माल 11 लाख 10 हजारांना पडेल.

म्हणून या दरात मी व्हिएतनामचा माल घेणार नाही. आधी त्यांना विचारा, पट्टी आणि स्लायडर कुठला, आणि खर्चाचा तपशील लेखी मागा. टाळाटाळ केली तर विषय संपला. तपशील चोख निघाला, तर साडेनऊ लाखांवर अडून बसा. मग सुमारे 49 हजार खरोखर वाचतील.

चीनच्या बाजूनेही एक तपासा. एशिया-पॅसिफिक व्यापार करारात, म्हणजे 1975 च्या बँकॉक करारात, आपण आणि चीन दोघेही आहोत, आणि ठरावीक वस्तूंवर त्यात थोडी सूट असते. तुमची चेन त्या यादीत आहे का, ते तुमच्या कस्टम ब्रोकरकडून पाहून घ्या. मी धरलेला 10% दरही त्याच्याकडून पक्का करा. ऑर्डर दिली त्या दिवसाचा दर लागत नाही. बिल ऑफ एंट्री (आयात मालासाठी कस्टमकडे भरायचा कागद) भरल्याच्या किंवा जहाजाला आत येण्याची परवानगी मिळाल्याच्या तारखेपैकी जी नंतरची, त्या दिवसाचा लागतो.