कानशी डब्यात खडखडल्या की कानशी गेल्या

(टूलरूममध्ये ३४ वर्षं फिटर म्हणून काढलेले आमचे निवृत्त मिस्त्री या सदरात घरच्या वर्कशॉपबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. त्यांच्या हत्यारांच्या दोन पत्र्याच्या ट्रंका गावी पडून होत्या. मी निवृत्त झाल्यावर मागची पडवी बंदिस्त करून १० बाय ८ फुटांची खोली केली. जुनं छोटं लेथ, बेंच ग्राइंडर आणि ड्रिल मशीन घेतलं. पण कामापेक्षा हत्यार शोधण्यातच वेळ जातो, आणि पावसाळ्यात सगळ्यावर गंज चढतो. ३० हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. कपाट कुठल्या प्रकारचं घ्यावं?
– एक वाचक, देवरुख

उत्तर : कपाट घेऊ नका. आत्ता तरी नको. कपाट आधी आलं की हत्यारं कपाटाच्या सोयीने बसतात, तुमच्या हाताच्या सोयीने नाही. महिनाभर तसंच काम करा. जे हत्यार वापराल ते परत ट्रंकेत टाकायचं नाही, टेबलावर उजवीकडे राहू द्यायचं. महिन्याने उजवीकडे २५-३० वस्तू जमलेल्या दिसतील. तुमचं रोजचं वर्कशॉप म्हणजे एवढंच. त्यांना व्हाइसपासून, म्हणजे काम जबड्यात घट्ट पकडणाऱ्या शिकंजापासून, हात लांबवला की मिळेल अशी जागा द्या. बाकीची ट्रंकेत राहिली तरी कुणाचं अडत नाही.

आता वडिलांच्या ट्रंका. त्यात कानशी नक्की असणार, आणि त्या एकमेकींवर पडलेल्या असणार. कानशीचे दात कडक असतात, पण तेवढेच ठिसूळ. कानशीवर कानस घासली की दोघींचे दात जातात. एकेक कानस उजेडाकडे तिरपी धरून बघा. दातांची टोकं चमकत असतील तर ती बोथट झाली आहे, तिच्याकडून पितळ नीट कापलं जायचं नाही. चांगल्या निघतील त्या लाकडी पट्टीला खाचा पाडून सुट्यासुट्या उभ्या लावा. आणि मुठीशिवाय एकही कानस ठेवू नका. माझ्या डाव्या तळव्यावर आयटीआयच्या पहिल्या वर्षाची खूण आहे, बिनमुठीच्या कानशीचं शेपूट घुसल्याची. त्या दिवशी मास्तरांनी आधी टिंक्चर लावलं, मग कानाखाली वाजवली.

कोकणात कानशीची पंचाईत अशी की तिला तेल चालत नाही, तेलकट कानस कामावरून सरकते. आणि तेल नाही लावलं तर जुलैत ती तांबडी होते. यासाठी मात्र एक छोटं बंद कपाट करा, जुनं फळीचं चालेल. आत खाली ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी नको, तो पुरेसा तापत नाही. आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी उबदार राहिली की लोखंडावर दव धरत नाही. त्या कपाटात रॉकेल, थिनर, चिंध्या ठेवायच्या नाहीत आणि बल्बला काही टेकू द्यायचं नाही. व्हर्निअर, मायक्रोमीटर ही बारीक मापाची हत्यारं, काटकोन बघायचा गुण्या आणि भोकात आटे पाडायचे टॅपसुद्धा तिथेच. मायक्रोमीटर पूर्ण बंद करून ठेवू नका, दोन्ही तोंडांत जरा फट राहू द्या. स्पंजाच्या गादीत मापाची हत्यारं झोपवायची फॅशन आली आहे. दिसतं छान, पण स्पंज ओल धरून बसतो.

आणखी एक, हे स्वतःच्या घरी घडलेलं. फरशी धुण्याचं ॲसिड, ज्याचं झाकण कधीच धड बसत नाही, ती बाटली आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या बेंचखाली सारली. बाटली सांडली नाही, फुटली नाही. तरी आठ दिवसांत लेथच्या बेडपासून (खालच्या लोखंडी पाटापासून) खुणा ठोकायच्या पंचांपर्यंत सगळ्यावर तपकिरी पावडर. ॲसिडची वाफच पुरते. चूक माझीच, बेंचखालची जागा मी रिकामी ठेवली होती.

टॅप आणि ड्रिल वेगवेगळ्या डब्यांत ठेवायची पद्धत सगळीकडे आहे, मला ती कधी पटली नाही. एम ६ चा, म्हणजे ६ मिलिमीटरच्या आट्यांचा, टॅप हातात घेणाऱ्याला पुढच्या क्षणाला ५ मिलिमीटरचंच ड्रिल लागतं. मग ते शेजारीच हवं. लाकडाचा ठोकळा घ्या, जोडीजोडीने भोकं पाडा : एम ४ बरोबर ३.३, एम ५ बरोबर ४.२, एम ६ बरोबर ५, एम ८ बरोबर ६.८, एम १० बरोबर ८.५. आकडे रंगाने ठोकळ्यावरच लिहा. तरीही ड्रिल मशीनला लावण्याआधी व्हर्निअरने मोजायचं. आमच्याकडे दुसऱ्या पाळीत कुणीतरी ४.८ चं ड्रिल ५ च्या भोकात परत ठेवलं. दांड्यावरचा आकडा झिजलेला. सकाळी मी डोळे मिटून ते घेतलं आणि तीन दिवस खपून केलेल्या फिक्स्चरच्या (मशीनवर काम धरून ठेवायच्या साच्याच्या) शेवटच्या भोकात टॅप मोडला. तो काढायला चौथा दिवस गेला.

ग्राइंडर आणि लेथ एकाच भिंतीला असतील तर आज हलवा. ग्राइंडरची धूळ म्हणजे दगडाची पूड. ती लेथच्या बेडवरच्या तेलात बसली की मशीन स्वतःलाच घासत राहतं. १० बाय ८ मध्ये ग्राइंडर दाराशी आणि लेथ समोरच्या कोपऱ्यात एवढं तरी जमेल.

३० हजारांतले उरतील ते व्हाइसवर घाला. जबडा तुमच्या कोपराच्या उंचीला आला पाहिजे. त्याहून खाली असेल तर कंबर धरेल.

प्रश्न : मी तांब्याच्या पत्र्याचे दिवे, वाट्या करते. जागा म्हणजे फ्लॅटची ६ बाय ४ ची बाल्कनी. हातोड्या, ठोकण्याच्या छोट्या ऐरणी, पत्रे, पितळी सळ्या सगळं एका टोपलीत राहतं. काका, यातलं आधी काय नीट लावू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी हातोड्या. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत एकदा एखाद्या दुकानाबाहेर उभ्या राहून मठारकाम बघा. भांड्यावर जो आरशासारखा ठिपका उठतो तो हातोडीच्या तोंडाचा छाप असतो. तोंडावर केसाएवढा ओरखडा असला तर तोही प्रत्येक घावाबरोबर वाटीवर उमटणार. टोपलीत हातोडी ऐरणीवर आपटते आणि ओरखडे तिथेच पडतात. भिंतीला फळी, फळीला दोन-दोन खिळे, तोंड खाली लोंबेल अशी हातोडी टांगा. तोंडाला जुन्या चामड्याची टोपी शिवली तर ती काम करताना काढा आणि महिनोन्महिने तशीच ठेवू नका, चामड्यातही ओल असते. ऐरणींच्या तोंडालाही हाच नियम.

पत्रे उभे ठेवा, मध्ये कागद घालून. आडवे रचले की खालचाच पत्रा हवा असतो, आणि ओढताना वरच्यावर रेघ पडते. सळ्यांसाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे एकाला एक बांधून कोपऱ्यात उभे करा.

लोखंडी सळ्याही जमवायला लागलात तर वजनाकडे लक्ष ठेवा. व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करून १६२ ने भागा, मीटरचं वजन किलोत मिळतं. २५ च्या गोल सळईचं मीटरला ३ किलो ८६० ग्रॅमच्या आसपास. भिंतीतले दोन स्क्रू किती पेलतील ते टांगायच्या आधी बघा.

प्रश्न : भिंतीला चुंबकी पट्टी लावून सगळी हत्यारं चिकटवली तर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर खुशाल चिकटवा. कानशी, ड्रिल, टॅप नकोत. त्यांच्यात चुंबकपणा उतरतो, मग लोखंडाचा चुरा दातांत अडकून बसतो आणि झटकून जात नाही. मापाची हत्यारं तर नकोतच. तुम्ही अँगल ग्राइंडरच्या चकत्याही तिथेच लोखंडी कडीने टांगता असं लिहिलंय. पातळ चकत्या आडव्या, सपाट आणि कोरड्या जागी ठेवा. चकतीच्या मधल्या भोकाभोवतीच्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असते. ती वाचा आणि उलटून गेलेल्या चकत्या मोडून टाका, कुणाला देऊ नका.

जाता जाता तुमच्याच पत्रातला दुसरा मुद्दा. माइल्ड स्टील (साधं मऊ लोखंड) कुठलं आणि ईएन ८ (त्याहून मजबूत पोलाद) कुठलं हे कळेनासं झालंय ना? सळई घरी आली की त्याच दिवशी एका टोकाला रंग लावा, ईएन ८ ला एक, ईएन ३१ ला (बेअरिंगच्या पोलादाला) दुसरा. आणि तुकडा कापायचा तो नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून.