चाकूचं लॉक ढिलं झालंय? आधी कानस खाली ठेवा

यावेळी जवळपास सगळे प्रश्न फोल्डिंग चाकूच्या लॉकवरच आलेत, त्यामुळे एकदमच घेतो. आणि हो, अर्ध्या लोकांनी प्रश्न पाठवायच्या आधीच कानस चालवलेली दिसतेय.

प्रश्न: लायनर लॉकचा (मुठीच्या आतली धातूची पट्टी सरकून पातं अडवते तो) चाकू आहे, बरीच वर्षं रोज वापरतोय. आधी लॉकची पट्टी पात्याच्या बुडाला (मुठीकडच्या टोकाला) अलीकडच्या कडेलाच टेकायची, आता पार पलीकडे जाते आणि उघडलेलं पातं वर-खाली कटकट हलतं. पट्टी अजून वाकवून टाइट करू का?

नको, काही उपयोग नाही. लायनर लॉक आज ज्या रूपात दिसतं ते मायकल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८० च्या दशकात आणलं, आणि त्यातली खरी गंमत अशी की बुडाचा जो भाग पट्टीवर टेकतो तो सरळ नसतो, त्याला साधारण ७-८ अंशांचा उतार असतो, म्हणजे सगळा पाचरीचा खेळ आहे. थोडी झीज झाली की पट्टी उतारावर जराशी पुढे सरकते आणि फट आपोआप भरते. त्यामुळे पट्टी सरकली म्हणून घाबरायचं कारण नाही, ती सरकण्यासाठीच आहे. प्रॉब्लेम सुरू होतो ती पलीकडच्या लायनरला (मुठीच्या आतल्या धातूच्या पत्र्याला) जाऊन टेकल्यावर, कारण पुढे जागाच उरत नाही. तुमचं तेच झालंय. आता वाकवून जोर वाढवलात तर ती फक्त भिंतीला ढकलत बसेल.

यावर सगळ्यात स्वच्छ उपाय स्टॉप पिनचा. उघडलेलं पातं ज्या पिनवर येऊन थांबतं ती किंचित जाड टाकली की पातं जरा आधी थांबतं, बुडामागची जागा कमी होते आणि पट्टी परत अलीकडे टेकते. किंचित म्हणजे खरंच किंचित हं. ०.१ मिमी जाड पिन म्हणजे एका बाजूला ०.०५ मिमी, आणि ८ अंशांच्या उतारावर तेवढ्यानेसुद्धा पट्टी ढोबळमानाने एक तृतीयांश मिमी मागे येते, आणि पट्टी मुळात जाडीला असते केवढी, एक-दीड मिमी! जास्त जाड टाकलीत तर लॉक लागणारच नाही. अजून एक, बऱ्याच चाकूंत बंद पातंही त्याच पिनवर टेकतं, म्हणून बसवल्यावर टोक मुठीबाहेर डोकावत नाही ना ते बघा.

पिन रिवेट केलेली असेल, निघतच नसेल, तर पट्टीचं टोक ऐरणीवर ठेवून हलक्या हातोडीने ठोकून चिमूटभर लांबवतात. हे मी करतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याने आवडत्या चाकूवर करू नये.

प्रश्न: माझं पातं डावी-उजवीकडे हलतं. लॉक गेलं का?

नाही हो, तो पिव्होटचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो स्क्रू. अगदी थोडा थोडा आवळत जा, पातं जड फिरायला लागलं की जरा मागे या. सारखा सैल होत असेल तर निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब. वॉशर झिजले असतील तर बदला. झालं.

प्रश्न: टायटॅनियमचं फ्रेम लॉक (मुठीचाच एक भाग लॉकची पट्टी असतो ते) आहे, सोडताना फार चिकटायचं म्हणून पात्याच्या बुडावर कानस मारली. आता चिकटत नाही, पण जोर दिला की लॉक सुटतं.

आता काय बोलू! टायटॅनियम स्टीलवर घासलं की चिकटतंच, त्याचा स्वभाव आहे तो. बुडाच्या त्या उतारावर साधी पेन्सिल घासली असती तरी बहुतेक भागलं असतं. कानशीने तुम्ही मेटल तर काढलंतच, वर कोनही बदललात, आणि कोन जास्त झाला की दाबाखाली पट्टी बाहेर घसरते.

खात्री करायची तर बुडावर मार्कर फिरवा, वाळू द्या, दहा-बारा वेळा उघडा-मिटा आणि शाई कुठे पुसली ते बघा. एकाच कडेला बारीक रेघ पुसली असेल तर टेकणच बिघडलंय. पट्टीच्या टोकाला स्टीलचं इन्सर्ट (छोटा तुकडा) स्क्रूने बसवलेलं असेल तर नवीन टाकून थोडी जागा भरून निघते, पण बुडाचा कोन काही सुधरत नाही. त्यासाठी चाकू बनवणाऱ्याकडेच पाठवा. वेल्डिंगने भर घालायचा विचार मनातही आणू नका, तेवढ्या उष्णतेने पात्याचं पाणी उतरतं. आणि तोपर्यंत हा चाकू वापरू नका. टेस्ट म्हणून पात्याची पाठ टेबलावर आपटणारे लोक आहेत, त्याने चांगलं लॉकही खराब होतं. जाड ग्लोव्ह घालून, बोटं पात्याच्या वाटेतून काढून, पाठीवर हळूहळू दाब द्या, तेवढं पुरतं.

प्रश्न: बॅक लॉक (मुठीच्या पाठीवरचा दांडा पात्याच्या खाचेत बसतो ते) अर्धंच बसतं, "टक" आवाज येत नाही. खाच झिजली असेल का?

झिजली असेलही, पण मी पैज लावतो की खाचेत खिशातला कापूस आणि जुनं तेल जमलंय. टूथपिकने कोरा, कोमट साबणपाण्यात ब्रशने घासा, पूर्ण वाळवा, पिव्होटला एक थेंब तेल. तरीही नाही बसलं तर मागची स्प्रिंग बघा, मग खाच.

प्रश्न: ओपिनेलची (लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू) लॉकची गोल रिंग आपोआप फिरते.

ही रिंग १९५५ पासून आहे आणि दुरुस्तीला इतकं सोपं लॉक दुसरं नाही. रिंग जपून उचकटून काढा, पक्कडीने तिची तोंडं जरा जवळ आणा, परत चढवा. रिंगच्या कडेलाही उतार आहे, त्यामुळे पातं हलत असेल तर रिंग अजून थोडी पुढे फिरवली की घट्ट बसतं. पातं मुठीतून निघायलाच जड जात असेल तर मात्र दोष रिंगचा नाही, लाकूड ओलाव्याने फुगलंय, दोन दिवस कोरड्या जागी उघडा ठेवा.