सव्वीस जानेवारीची परेड, आजोबांशेजारी बसून

प्रश्न : काकू, माझे सासरे अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले. २६ जानेवारीला सकाळपासून ते टीव्हीसमोर असतात. पाचवीतला मुलगा नि आठवीतली मुलगी दहा मिनिटं बसतात, मग मोबाइल काढतात. मी स्वयंपाकघरात. सगळ्यांनी मिळून परेड बघावी असं फार वाटतं. काय करू?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : आधी तुमचंच बघू. तर्री २५ तारखेच्या रात्रीच करून ठेवा. मुलं शाळेतलं झेंडावंदन करून येईस्तोवर पोहे होतात. परेड साडेदहाला सुरू होते, पण दहाच्या आधीच प्लेट घेऊन तुम्ही बाहेर येऊन बसा. आईच आत, तर मुलं कशाला बसतील?

दूरदर्शनच लावा. बाकीच्या वाहिन्या बहुतेक चित्र तिथूनच घेतात आणि त्यावर पट्ट्या नि जाहिराती चढवतात.

पहिला अर्धा तास चुकवू नका. पंतप्रधान राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पुष्पचक्र वाहतात. मग राष्ट्रपती येतात, झेंडा फडकतो, राष्ट्रगीत होतं आणि त्याच ५२ सेकंदांत २१ तोफांची सलामी बसवलेली असते. सगळ्यांनी उभं राहायचं. तोफा मुलाला मोजू द्या, ओठ न हलवता.

मुलं कंटाळतात, कारण काय बघायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मी कॉलेजात असताना एनसीसीत होते, म्हणून संचलन हाच मला परेडचा जीव वाटतो. सैन्याच्या तुकडीत साधारण १२ रांगा, प्रत्येकीत १२ जण, म्हणजे १४४. ‘दाहिने देख’ झालं की सगळ्या माना राष्ट्रपतींकडे वळतात, पण अगदी उजव्या कडेची ओळ समोरच बघत चालते. तुकडी सरळ जाते ती त्यांच्या भरवशावर. ही ओळ मुलीला शोधायला सांगा. एकदा दिसली की ती प्रत्येक तुकडीत शोधेल. ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सची तुकडी असेल त्या वर्षी सांगा, की यांचं केंद्र आपल्या कामठीला आहे. मला तर तेवढ्यानंही भरून येतं.

रणगाडे, तोफा येऊ लागल्या की आवाज कमी करा आणि सासऱ्यांना बोलू द्या. तुमच्या घरात बसलेला खरा निवेदक तोच माणूस आहे! पिनाका, म्हणजे एकामागोमाग अनेक रॉकेटं डागणारा लाँचर, बऱ्याच वर्षी परेडमध्ये असतो आणि पिनाकाची रॉकेटं नागपुरात बनतात. नातवानं नुसतं एवढं विचारायचं, ‘आजोबा, तुमच्या फॅक्टरीत काय काय बनायचं?’ जेवढं सांगण्यासारखं असेल तेवढं ते सांगतील. आयुष्यभर शिफ्ट करून जे घडवलं, त्याच्या गोतातलं काही राष्ट्रपतींसमोरून जाताना नातवंडांनी पाहावं, यापरतं त्यांना काय हवं असणार? या वेळी तरी त्यांना मध्ये थांबवू नका.

चित्ररथ मुलांना आपोआप आवडतात, तिथे काही करावं लागत नाही. महाराष्ट्राचा दरवर्षी नसतो, २०२५ मध्ये नव्हता, हे आधी सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होत नाही. २०२३ मध्ये साडेतीन शक्तिपीठांचा होता, त्याला दुसरा क्रमांक मिळाला होता.

विमानं अगदी शेवटी येतात, म्हणून टीव्ही लवकर बंद करू नका. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या नागपूरच्या वायुसेना नगरातच आहे, तेही त्या वेळी सांगा.

आणि २९ तारखेच्या संध्याकाळी दिल्लीच्या विजय चौकातलं बीटिंग रिट्रीट, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा समारोप, लावा. तिन्ही दलांचे बँड वाजतात. दिवसभराच्या कामानंतर तुम्हालाही ते निवांत ऐकता येईल.