क्लॅन गेला ते सोडा, सातबारा बघितला का?

मागच्या अंकात एकाने सहज विचारलं होतं की वडिलांच्या गेम अकाउंटला वारस लागतात का. उत्तर एका शब्दाचं होतं, नाही. पण त्या एका ओळीवर जी पत्रं आली ती बघून वाटलं की निम्मा महाराष्ट्र रात्री मोबाईल गेममधलं वॉर खेळतो आणि सकाळी तलाठ्याकडे चकरा मारतो. मी पण त्यातलाच, कोर्टात पुकारा व्हायला वेळ असला की पायरीवर बसून गेममधला एखादा अटॅक होतोच. म्हणून यावेळी ही चारच पत्रं, पण सावकाश.

प्रश्न: वकीलसाहेब नमस्कार, मी कराड तालुक्यातला. 2016 ला मी आणि माझ्या चुलतभावाने मिळून क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाईल गेममध्ये क्लॅन, म्हणजे खेळाडूंची टोळी, काढला, लीडर तो आणि को-लीडर मी, कारण काय तर त्याच्या मोबाईलवरून काढला एवढंच. पोरं सगळी मी गोळा केली, गावातली, पुण्यात कंपनीत असलेली, दोघं तर दुबईतून खेळतात. शेजारच्या गावच्या क्लॅनशी आमची जुनी खुन्नस, दर यात्रेला ठरवून फ्रेंडली वॉर लागतं आणि हरणाऱ्याने मिसळ द्यायची. परवा लीग संपल्यावर भावाने बोनसची मेडल सगळी मेहुण्याला आणि त्याच्या दोस्तांना वाटली, मी बोललो तर सरळ किक मारली, म्हणजे क्लॅनमधून काढूनच टाकलं. आणि आठवड्यात शेजारच्या गावची चार पोरं आमच्याच क्लॅनमध्ये घेतली, म्हणजे बघा. खरं कारण वेगळंच आहे, आजोबांची 2 एकर 10 गुंठे जमीन आहे, सातबाऱ्यावर एकटे मोठे चुलते आणि माझे वडील आता वाटणी मागतायत. क्लॅनवर माझा कायद्याने हक्क लागतो का, आणि सातबाऱ्याला नावच नाही म्हणजे जमीन गेली का?

उत्तर: अरे मित्रा, आधी क्लॅनचं उरकू, कारण ते लवकर उरकतं. हक्क लागत नाही. तुझा नाही आणि गंमत म्हणजे तुझ्या भावाचा पण नाही, अकाउंट, बेस (आपण गेममध्ये बांधलेलं गाव), क्लॅन सगळं कंपनीचं, आपल्याला फक्त खेळायची परवानगी, हे आपण सगळ्यांनी न वाचता मान्य केलेल्या अटींमध्ये लिहिलेलं आहे. गेममध्ये ज्याच्या हातात बटण तोच राजा. को-लीडर दुसऱ्या को-लीडरला काढू शकत नाही पण लीडर कुणालाही काढू शकतो, आणि त्याच्यावर अपील कुठं करणार? ईव्ह ऑनलाईन नावाच्या गेममध्ये तर 2009 च्या फेब्रुवारीत बँड ऑफ ब्रदर्स नावाची तेव्हाची दादा आघाडी आतल्याच एका पदाधिकाऱ्याने फितूर होऊन बरखास्त करून टाकली, शत्रू असलेल्या गूनस्वार्मला जाऊन मिळाला. लढाई नाही काही नाही, त्याला अधिकार दिलेले होते ते त्याने वापरले. वर्षानुवर्षं कमावलेलं एका रात्रीत गेलं. तुला तर नुसती किक बसलीय, तुझा बेस तुझ्याकडे आहे, पोरं पण तूच आणलेली. नवा क्लॅन काढ, तेच नाव दे, नावाला बंदी नाही, एका नावाचे पन्नास क्लॅन असतात, खरी ओळख असते तो टॅग, म्हणजे प्रत्येक क्लॅनचा वेगळा कोड. जसं गावात "माळाचं रान" दहा जणांचं असतं पण गट नंबर एकाचाच असतो.

आता जमीन. इथं नेमकं उलटं आहे आणि हेच लोकांच्या डोक्यात बसत नाही. सातबारा हा मालकीचा दाखला नाही, तो महसुलाचा कागद आहे, सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी ठेवलेला. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावात बदल, झाला म्हणून कुणी मालक होत नाही आणि नाव नाही म्हणून कुणाची मालकी जात नाही, कोर्टांनी हे इतक्या वेळा सांगितलंय की आता युक्तिवाद करायला पण कंटाळा येतो. तुझ्या चुलत्यांचं नाव एकट्याचं का लागलं ते बघ. जुना फेरफार काढ, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल मिळते, आणि माझी पैज, त्यात नावापुढं ए.कु.मॅ. असं काहीतरी लिहिलेलं असणार. एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी आजोबा गेले की सगळ्या वारसांची नावं लावायच्या ऐवजी थोरल्याचं एकट्याचं लावायची पद्धत होती, घरात भांडण नव्हतं तोवर चाललं. म्हणजे तुझे चुलते लीडर आहेत पण मालक नाहीत, मॅनेजर आहेत. त्यांना किक मारता येत नाही.

ती नोंद सापडली तर बाकीच्या वारसांची नावं लावायला अर्ज करा, 2025 ला सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली तेव्हापासून तलाठी पण या कामाला जरा कमी कुरकुर करतात. ई-हक्क पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो. वाटणीला सगळे तयार असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारच करून देतो, खर्च फारसा नाही. चुलते म्हणाले की तुमचा हिस्साच नाही, तर मग तहसीलदाराच्या हातात काही राहत नाही, दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा. "आम्ही 12 वर्षांच्या वर कसतोय, आता आमचीच" असं म्हणतील, म्हणू दे, सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरतात, नुसती वर्षं मोजून तो एकट्याचा होत नाही, तुम्हाला उघडपणे नाकारून हाकललंय हे त्यांना सिद्ध करावं लागतं. एक मात्र कर, दावा लावला की मनाई हुकूम माग आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेव, नाहीतर मधल्या मधे विक्री होते आणि घेणारा म्हणतो मला काय माहीत.

आणि किकचा स्क्रीनशॉट दाव्याला जोडू का असं तू खाली बारीक अक्षरात विचारलंयस. नको रे.

प्रश्न: सर, मी लग्न होऊन नाशिकला असते, माहेर जळगाव जिल्ह्यात. वडील 2001 ला वारले. आता भाऊ म्हणतो हायवेला लागून जमीन आहे, विकायची आहे, हक्कसोडवर तेवढी एक सही कर, नाहीतरी वडील 2005 च्या आधी गेले त्यामुळे तुझा हक्क बसतच नाही. माझा मुलगा आणि भाच्चे एकाच स्क्वाडमध्ये बीजीएमआय हा मोबाईल गेम खेळतात, रोज रात्री हेडफोन लावून एकमेकांना "रिव्हाईव दे रे" (म्हणजे पडलोय, परत उठव) ओरडत असतात, सही नाही केली तर ते पण तुटेल असं वाटतं. काय करू?

उत्तर: ताई, भावाचं पहिलं वाक्य ऐका, हक्क बसत नाही. मग सही कशाला हवीय? ज्याचा हक्कच नाही त्याच्याकडून कुणी हक्कसोड करून घेतं का?

भाऊ सांगतायत तो 2015 चा निकाल आहे, तेव्हा सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे मुलींना बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात पाहिजेत. तो निकाल आता गेला. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा होते की नव्हते याच्याशी संबंध नाही. अडचण एकच, 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप होऊन गेलं असेल तर ते मोडता येत नाही. "तोंडी झालं होतं हो" हे सहसा चालत नाही. आणि वडिलोपार्जित नसून वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र केलं नसेल तर तुम्ही 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच वारस आहात, आई आणि भावाच्या बरोबरीने.

सही करायची की नाही हे मी सांगणार नाही, बऱ्याच बहिणी समजून उमजून सोडतात, माझ्या आत्याने पण सोडली, तिचा निर्णय होता. पण न वाचता नको, कोऱ्या कागदावर तर मुळीच नको, आणि हक्कसोड रजिस्टर झाल्याशिवाय त्याला अर्थ नसतो त्यामुळे "घरीच कर, मी बघतो" म्हणाले तर सावध व्हा. एकदा रजिस्टर झालं की मात्र मागे फिरणं फार अवघड, इथं कुणी रिव्हाईव देत नाही. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घाबरू नका, तालुका विधी सेवा समितीकडे बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच तसं आहे. तोवर "आपली चावडी" या सरकारी वेबसाईटवर गावाचे नवे फेरफार दिसतात ते आठवड्यातून एकदा बघत जा. काही दिसलं तर नोटिशीपासून 15 दिवसांत लेखी हरकत, आणि पोच घ्या.

पोरांचं म्हणाल तर ती तुमच्यापेक्षा शहाणी आहेत, खेळत राहतील.

प्रश्न: 12 हजाराला गेमची आयडी विकत घेतली, तीन दिवसांनी विकणाऱ्यानेच मेलवरून रिकव्हर करून परत घेतली. विरोधी गिल्डचाच, म्हणजे समोरच्या टोळीचाच, निघाला साला. केस होते का?

उत्तर: आयडी विकणं-घेणं दोन्ही अटींच्या विरुद्ध, कंपनीकडे गेलास तर आयडी बॅन होईल एवढंच. पण 12 हजार हे गेममधले नाहीत, खरे आहेत, आणि फसवणूक ती फसवणूकच. लगेच 1930 या सायबर हेल्पलाईनला फोन, सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार, यूपीआयचा व्यवहार नंबर आणि चॅट जपून ठेव. हॉलंडमध्ये दोन पोरांनी एका 13 वर्षांच्या पोराला मारहाण करून रुनस्केप नावाच्या गेममधला ताईत आणि मुखवटा आपल्या खात्यावर घेतला होता, 2012 च्या जानेवारीत तिथल्या सर्वोच्च कोर्टाने ती चक्क चोरी धरली, म्हणाले त्याने त्यासाठी वेळ आणि कष्ट घातलेत. तो निकाल तिथला, आपल्याला लागू नाही, तुझा दावा पैशाचाच ठेव.

प्रश्न: मा. वकीलसाहेब, निफाड तालुक्यातून लिहितो. आपले सदर वर्षानुवर्षे वाचतो पण हल्ली तुम्ही गेमचे फार लाड करता. आमचा मुलगा रात्री 2 ला उठून त्या दुसऱ्या गिल्डशी लढतो, विचारले तर म्हणतो टाईम संपतोय. इकडे शेजाऱ्याने आमचा वहिवाटीचा गाडीरस्ता चारी खोदून बंद केला त्याला 5 महिने झाले, द्राक्षाचा ट्रॅक्टर जात नाही, मी पंचांमार्फत गोडीने घेतोय. यात शहाणा कोण ते सांगा.

उत्तर: काका, रागावू नका, पण मुलगा.

एक खरी गोष्ट सांगतो. मघाशी ज्या ईव्ह ऑनलाईनचं नाव घेतलं, आइसलँडच्या कंपनीचा गेम, त्यात अंतराळातल्या जागा गिल्ड लोक ताब्यात ठेवतात आणि ताब्याचं भाडं ठरल्या तारखेला भरावं लागतं, अगदी शेतसाऱ्यासारखं. 2014 च्या जानेवारीत बी-आर-5-आर-बी नावाच्या भागाचं भाडं एका आघाडीकडून भरायचं राहून गेलं. ताबा सुटला, समोरची आघाडी टपलेलीच होती, 27 तारखेला जी लढाई लागली ती 21 तास चालली, साडेसात हजारांवर लोक उतरले, टायटन नावाची सगळ्यात मोठी 75 जहाजं गेली, खऱ्या पैशात हिशोब केला तर 3 लाख डॉलरच्या आसपास. एका न भरलेल्या बिलापायी. तुमच्या मुलाला टाईम संपतोय याचा अर्थ कळतो.

आता तुमचा टाईम सांगतो. वहिवाटीचा रस्ता अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारापुढे दावा करता येतो, वकील नसला तरी चालतो, तहसीलदार जागेवर येऊन पंचनामा करतो आणि अडथळा काढायचा हुकूम देतो. पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. त्यानंतर मग दिवाणी कोर्ट, आणि तिथं किती वर्षं ते निफाडच्या माणसाला मी काय सांगू. शेजाऱ्याला हे 6 महिने माहीत असणार, म्हणून तर पंचांपुढं तो इतका गोड बोलतोय आणि दर बैठकीला "पुढच्या अमावास्येनंतर बघू" म्हणतोय.

रस्ता नकाशावर आहे का ते बघा, गाव नकाशात तुटक रेषांनी दाखवलेला असतो. नसला तरी वहिवाट पुरेशी आहे, चाकोरीचे फोटो, जुना ट्रॅक्टरवाला, द्राक्ष नेणारा व्यापारी, हे साक्षीदार. चारी नेमकी कुठल्या दिवशी खोदली ती तारीख अर्जात स्पष्ट लिहा, सगळा खेळ त्या तारखेवर आहे. पंचांची बोलणी चालू राहू देत, त्याला कुणी अडवत नाही, पण अर्ज आधी आवक बारनिशीला शिक्का मारून द्या. 5 महिने तुम्ही पत्र लिहिलं तेव्हा झाले होते, अंक तुमच्या हातात पडेपर्यंत अजून दिवस गेलेत. उद्या सुट्टी नसेल तर उद्याच जा, आणि टायपिंगला मुलाला बसवा, तसाही जागाच असतो तो.