ट्रक नको, बस दाखवा

तुमचा प्रश्न असा आहे की बेळगाव सीमाभागात घडणाऱ्या कादंबरीत तीन अनोळखी प्रवासी मानवी तस्करीची टोळी पकडतात, रात्रीचा ट्रक, चेकपोस्टवर पाठलाग, हे इथल्या माणसाला पटेल का.

मी निपाणी तालुक्यात अंगणवाडी टीचर आहे. तीन अनोळखी माणसं पटतील, ट्रक नाही पटणार. इथल्या सीमेला तारेचं कुंपण नाही, कोगनोळीचा टोल ओलांडला की पुढं कागल, दुकानांच्या पाट्या कन्नडच्या मराठी होतात एवढंच. मुलगी न्यायला ट्रक कशाला लागतोय, दिवसाढवळ्या बसनं नेतात आणि नेणारी बऱ्याचदा ओळखीतलीच, शेजारीण नाहीतर लांबची वहिनी.

मागच्या दिवाळीनंतर चिकोडी-निपाणी बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक बाई आणि चौदाएक वर्षांची मुलगी होती. बाई माझ्याशी झकास मराठी बोलली, भाचीला पुण्याला धुण्याभांड्याच्या कामाला लावायचंय म्हणाली. मुलीला नुसतं कन्नड. आता 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट आहे, त्यामुळं कंडक्टर आधार बघतो, तर बाईनं पर्समधनं दोन आधार काढली, कंडक्टरनं सहज मुलीला गाव विचारलं, उत्तर बाईनंच दिलं आणि ते कार्डावरच्या गावाशी जुळेना. तो कार्ड परत परत बघत राहिला. मुलीच्या चपला कोऱ्या, दोन नंबर मोठ्या, पडू नयेत म्हणून बोटांनी घट्ट धरलेल्या. मी मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, मावशीचं नाव काय गं, तिला सांगता येईना. मागच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोरानं तोवर गुपचूप 1098, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन, लावला होता.

एवढंच झालं बघा. पाठलाग नाही, मारामारी नाही.

तुमचा खलनायक पुढं आहे, त्याचं नाव हद्द. ज्या ठाण्यात गेलो तिथं पहिलं वाक्य हेच, मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातली, तक्रार तिकडं द्या. खरं तर गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यायचा हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय, ते त्या पोरानं मोबाईलवर काढून दाखवलं तेव्हा कुठं कागद पुढं सरकला. दुपारची संध्याकाळ झाली. कंडक्टरला ड्युटी सोडून थांबता येईना, तो नंबर देऊन गेला. अल्पवयीन मूल 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं, ही घाई कादंबरीत आणा, खरा ताण तिथं असतो. आणि ती स्वखुशीनं चालली होती म्हणून कुणी सुटत नाही, न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये संमती धरतच नाहीत.

अजून एक. बेळगाव म्हटलं की लेखक लगेच सौंदत्तीची यल्लम्मा आणि देवदासी घालतात. देवाला सोडण्याविरुद्ध मुंबई प्रांताचा 1934 चा कायदा होता, कर्नाटकानंही 1982 मध्ये कायदा केला, केसात जट आली म्हणून पोरीला मणी बांधायचे हे या मातीतलंच दुःख आहे, मी नाकारत नाही. पण यल्लम्माला आमच्या घरातनंही जातात, कृपा करून देवीला जाणारा प्रत्येक माणूस दलाल दाखवू नका.

आणि वाचवलेली मुलगी गळ्यात पडून रडते असं तर लिहूच नका. ही आमच्यावर चिडली होती. बापानं त्या बाईकडनं उचल घेतली होती, ती आता कोण फेडणार, हे तिचं एकच चाललेलं. रात्री गाडीत बसताना माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाली, अक्का, नन्न चीला एल्लैती, माझी पिशवी कुठाय. पिशवी त्या बाईकडंच राहिली होती, आम्हा तिघांपैकी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

नावं, गावं बदला, पण 1098 हा नंबर मात्र खराच छापा.