‘द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स’ न वाचता थेट ‘द इन्फर्नल डिव्हायसेस’ वाचली तर चालेल का?

चालेल, बिनधास्त सुरुवात करा. ‘मॉर्टल’ची सहा पुस्तकं आधी संपवायची काही गरज नाही. कॅसांड्रा क्लेअरच्या या दोन्ही कल्पनारम्य मालिका मी वाचल्या आहेत. ‘इन्फर्नल’ ही त्रयी १८७८ सालच्या लंडनमध्ये घडते, म्हणजे ‘मॉर्टल’च्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी. नायिका टेसा न्यूयॉर्कहून नुकतीच बोटीने आलेली असते. शॅडोहंटर (देवदूताचं रक्त असलेले, राक्षसांशी लढणारे योद्धे) म्हणजे कोण हे तिलाही ठाऊक नसतं, त्यामुळे तिच्याबरोबर आपल्यालाही सगळं पहिल्यापासून कळत जातं. क्रम असा: ‘क्लॉकवर्क एंजल’ (२०१०), ‘क्लॉकवर्क प्रिन्स’ (२०११), ‘क्लॉकवर्क प्रिन्सेस’ (२०१३). मला तर कॅसांड्रा क्लेअरच्या लेखनात हीच त्रयी उजवी वाटते. दुसऱ्याची एखादी वस्तू हातात धरून टेसा त्याचं रूप घेते, तेव्हा त्याच्या आठवणीही तिच्यात उतरतात. सुरुवातीलाच ती एका मेलेल्या मुलीचं रूप घेते आणि तिचं मरणही अनुभवते, तिथे अंगावर काटा येतो. (प्रेमत्रिकोण म्हटलं की नाक मुरडत असाल, तरी हा वाचून बघा, इथे दोन्ही मुलगे एकमेकांचे जिवलग आहेत.)

पथ्य एकच: ‘मॉर्टल’चं सहावं पुस्तक, ‘सिटी ऑफ हेवनली फायर’ (२०१४), या त्रयीआधी हातात घेऊ नका, त्यात हिचा शेवट फुटतो. आणि ‘प्रिन्सेस’च्या काही आवृत्त्यांत वंशवृक्ष छापलाय, तो शेवटपर्यंत उघडायचा नाही. कोणाचं लग्न कोणाशी झालं ते तिथेच कळतं!